शोकेसमधला खडा

धर्मराजभाऊंचा मुतखडा शोकेसमध्ये होता. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत, लेकीला शाळेत मिळालेल्या कपाशेजारी. पाहुण्यांना चहाआधी खडा दाखवायचा, असा घरचा रिवाजच झाला होता.

खडा फोडून काढल्यावर उल्हासनगरच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवली होती. स्टेंट म्हणतात तिला. सूज उतरली की काढायला या, असं बजावलंही होतं. भाऊंनी मान डोलावली आणि गेलेच नाहीत. जन्म अंबरनाथच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलेला. चालू पार्टला हात लावायचा नाही, हा तिथला धर्म. त्यातून नळी फॉरेनची. बदलापूर गावात पारावर बसून सांगायचे, "खडा गेला, वर पाइपलाइन नवी मिळाली." लोकही नळीची चौकशी अशी करत, जणू भाऊंनी गाडीच घेतली.

वर्ष सरलं. कुळथाच्या पाण्याचे सल्ले देता देता भाऊ सारखे उठून संडासाकडे पळू लागले. बसले की कंबर धरून बसत. एकदा संजीवनीबाईंना लघवीत लाली दिसली.

"अहो, हे काय?"

"बीट खाल्लं होतं."

"या घरात बीट मी आणते. आणलेलं नाही."

भाऊंनी पेपर तोंडावर धरला. ज्याचा खडा शोकेसमध्ये, त्यानेच पुन्हा खड्याच्या डॉक्टरकडे गेलं तर पारावर काय राहिलं? संजीवनीबाईंना पाराचं काही नव्हतं, त्यांचा जीव मूत्रपिंडात अडकला होता. रुसून झालं, लेकीकडून फोन करवून झाला.

मग त्यांनी माळ्यावरून गिझरची जुनी कॉइल काढली. बोअरच्या पाण्याने तिच्यावर पांढरे दगडी थर चढले होते. ती त्यांनी भाऊंच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय वाढलंस?"

"ही पण चालूच होती. आणखी ठेवली असती तर टाकी गेली असती, असं काढताना तुम्हीच म्हणाला होतात."

भाऊंनी थर नखाने खरवडला. नख मोडलं, थर हलला नाही. ते जेवण तसंच टाकून उठले आणि शर्ट चढवला.

एक्सरेत नळीच्या दोन्ही टोकांना खडे धरलेले दिसले. "काका, ये तो कब का निकालना था," डॉक्टर म्हणाले. जी नळी सहज निघाली असती, तिच्यासाठी भाऊंना दोनदा ऑपरेशनच्या टेबलावर झोपावं लागलं. मूत्रपिंड दमलं होतं, पण वाचलं.

भाऊ घरी आले, तसा शेजारचा बबन आला. त्यालाही नुकतीच नळी बसली होती. "भाऊ, ही सांभाळायची कशी, ते तुम्हीच सांगा."

भाऊ घसा खाकरून सरसावले. संजीवनीबाईंनी शोकेसमधली बाटली जरा सरकवली. मागे कॉइल उभी होती.

"सांभाळायची कसली," भाऊ म्हणाले. "काढायला कधी बोलावलंय? मी येतो बरोबर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खडा तेवढा मागून घे. पाहुण्यांना दाखवायला बरा असतो."