हद्दीबाहेरचे ठिपके

संगणकाच्या पडद्यावरचा पिवळा ठिपका हळदीचा असावा, असं समजून वनमालाने तो नखाने खरवडला… गेला नाही. ओढणीने पुसला, तरी कृष्णेच्या एका वळणाशी तो तसाच बसून राहिला, म्हणजे सकाळच्या पोह्यांचा नव्हताच, नकाशातला होता. शिरूर कासारच्या केंद्राला पिवळा रंग तिनेच दिला होता, वडवणीला हिरवा, बीडजवळच्या माळाला तांबडा. तिन्ही ठिकाणचे निरीक्षक मोबाइलवरून पशुपक्ष्यांच्या नोंदी पाठवायचे, आणि त्या सगळ्या बीडच्या या दोन टेबलांच्या कार्यालयात एका नकाशावर बसवायच्या, हे तिचं काम. शिरूरच्या पिवळ्याने आपली शीव सोडून थेट सांगलीकडे जायचं काहीच कारण नव्हतं.

"चूक असंल," शेजारच्या टेबलावरून शाईस्ता म्हणाली. "मागं वडवणीच्या टिटव्या न्हाई का गेलत्या बर्फात?"

गेल्या होत्या खऱ्या. अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे भरले गेले आणि वडवणीच्या झाडून साऱ्या टिटव्या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन पडल्या. त्या दिवशी दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. जानेवारीची थंडी वाजली की शाईस्ता अजून त्या टिटव्यांची विचारपूस करते.

पण हा मामला उलट्या रकान्यांचा नव्हता. वनमालाने नकाशा लहान केला, तसे ठिपके एकामागून एक उगवत गेले — जामखेडच्या अलीकडे एक, करमाळ्यापाशी एक, टेंभुर्णीच्या पुढे दोन… रस्त्याच्या कडेकडेने, ट्रॅक्टर जातो तसे… आणि शेवटी नदीकाठी दाटीवाटीने पुष्कळ. सगळ्यांवर नाव एकच. बायनाबाई, निरीक्षक, शिरूर कासार.

टोळीबरोबर गेली होती बाई. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं तशी गेली, आणि मोबाइलमधलं नोंदीचं ॲप बंद करायला विसरली… छे, विसरली कुठली, प्रत्येक नोंदीखाली तिच्या आवाजात दोन-दोन शब्द होते.

"कावून हसतीस गं एकटीच?" शाईस्ताने विचारलं. वनमालाने नुसती मान हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं. दुपारी पुण्याहून सोमेश्वर सरांचा फोन यायचा होता. तिन्ही केंद्रांचं काम त्यांच्या हाताखाली चालायचं. आज एकत्र नकाशा पक्का करायचा, हद्दीबाहेरचं सगळं छाटायचं, आणि शिरूरचा निकाल लावायचा, असं त्यांनी कळवलं होतं. मागची दोन्ही वर्षं शिरूर हिवाळाभर कोरं राहिलं होतं. यंदाही तसंच राहिलं तर केंद्र बंद, आणि बायनाबाईचं कामही बंद. सर काही दुष्ट नव्हते. कोऱ्या जागेकडे पाहून कुणीही जे समजेल तेच ते समजत होते, की तिथे काही नाही.

आणि हे ठिपके तर माऊसने धरून ओढता येत होते… तिने एक ओढून पाहिला. रानमांजर. शिरूरच्या माळावर रानमांजर असतंच की, कोण कशाला तपासायला जातंय… टेंभुर्णी गेली, करमाळा गेलं, जामखेड आलं — आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. उसाच्या फडातली मांजर, तिला बिचारीला कुणी विचारलं होतं का माळावर यायचं? तिने बटण सोडलं, ठिपका जागच्या जागी परत पाठवला आणि फोन लावला.

"बायनाबाई, तिकडून कशाला पाठवल्या नोंदी?"

"मंग? दिसंल ते टिपा, तुमीच म्हनलात. शीव वलांडली का डोळं झाकून घ्या, आसं न्हवतं म्हनलं." मागे कोयत्यांचा सपसप आवाज होता. "मांजरीनं पिल्लं घातल्यात फडात. तेवढा तुकडा ठिवलाय उभा. मुकादम लई वरडला. म्हनलं, ती हलवंल तिची लेकरं, मंग तोडू."

"आणि शेजारच्या नोंदीतला हा कोल्हा?"

"ते मुकादमाचं कुत्रं हाय. दिस बुडाला व्हता. काडून टाका त्येला."

वनमालाने कुत्रं काढलं आणि उरलेल्या नोंदी कानाला लावून ऐकत बसली. बायनाबाईच्या शब्दांपेक्षा मागचंच जास्त ऐकू येत होतं: पाचट तुडवत कुणी चाललंय, कुणी पोराला हाक मारतंय, आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा… त्या घंटा… उसाच्या मोळ्यांवर उताणी पडलेली लहानगी वनमाला, वर नुकतं फटफटलेलं आभाळ, पुढे बापाची पाठ, तोंडात कांडं, हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलेला रस… "कुटं हाय आपण?" असं विचारलं की बाप म्हणायचा, फडावर. गावाचं नाव नाही, नदीचं नाव नाही, नुसतं फडावर. शाळेच्या हजेरीत तेवढे महिने गैरहजर. परत आलं की सगळे असं बघायचे की जणू वनमाला हिवाळ्यात नसतेच, आणि पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण मी होते की. पाटाच्या कडेला घोरपड बघत तासन्‌तास बसले होते. उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत, आईच्या कुशीत, तिच्या अंगाच्या पाचटाच्या वासात पडून सुखी होते मी — हो, सुखीच. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऊसतोडीचं पोर म्हटलं की ऐकणारा आधी चेहरा पाडतो, आणि मग आपणही पाडावा लागतो.

तिने नकाशा आणखी लहान केला. शिरूर आणि नदीकाठ एका पानावर मावेपर्यंत केला. शिरूरचं कोरं होतं ते कोरंच ठेवलं. पिवळे ठिपके पिवळेच ठेवले. आणि मग काही कारण नसताना शाईस्तासाठीही चहा सांगितला.

सरांचा फोन आला. "वनमाला, ते सांगलीकडचे ठिपके छाटले नाहीत वाटतं?"

"नाही छाटले, सर. हिवाळ्यात शिरूर कोरं आहे. पण तिथे प्राणी नसतात म्हणून नव्हे, बघणारी माणसं नसतात म्हणून. ती माणसं कुठे असतात, ते पिवळ्यात दाखवलंय." आणि मग, ठरवलेलं नसताना, "लहानपणी मीही तिथेच असायचे."

शाईस्ताचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. इतकी वर्षं शेजारी बसून तिला हे माहीत नव्हतं.

पलीकडे सर गप्प होते. अशी शांतता पडली की एरवी वनमाला घाईघाईने म्हणायची, सॉरी सर, लगेच काढते. ते शब्द आजही सवयीने जिभेवर आले, आणि तिथेच राहिले. केंद्र राहायला हवं होतं, फार हवं होतं. सर नाही म्हणाले तर पुन्हा भांडावं लागणार होतं… भांडू. उद्या भांडू, परवा भांडू… तिला आश्चर्य वाटलं ते याचंच, की हा विचार किती सोपा होता. सरांनी घसा खाकरला. तिने पाय लांब केले, खुर्चीला पाठ टेकली, आणि लहानपणी बापाला विचारायची तशा सरळ आवाजात म्हणाली, "बोला ना सर, मी इथेच आहे."