फोनमधली बाई माझा ब्लॉग वाचते

पुस्तक: एक कादंबरी. नाव नंतर टाकते.

कथानक: लग्न ठरलेली मुलगी. मुलगा चांगला. आणि तिला

थांबा. आधी हे.

आज दुपारी परळला आमच्या चाळीचा जिना चढत होते. वर गॅलरीत एक बाई बोलत होती. सपाट आवाज, स्वल्पविरामाला न थांबणारा. "मुलात खोट काढता येत नाही एवढ्यावर मी लग्न करतेय."

वाक्य माझं. मागच्या महिन्यात इथेच, पुस्तकांच्या या ब्लॉगवर, टोपणनावाने लिहिलेलं.

पात्रं: आई, दारात पाटावर. मोतीबिंदू झाल्यापासून तिचा फोन तिला सगळं वाचून दाखवतो. शेजारच्या नलूमावशी, मेथी निवडत. पलीकडच्या दोघी. मालिका ऐकावी तशा सगळ्या ऐकत होत्या.

"हे कुठे मिळालं तुला?"

"तूच फोन लावून दिलास ना," आई म्हणाली. "तुझंच खातं हाय त्यात."

"कधीपासून ऐकताय?"

"गणपतीपासून," नलूमावशी म्हणाल्या. "ती विहिरीची कादंबरी तुला उगाच नावडली गो. आम्ही रडलो."

आवडलं: काही नाही. या बायकांनी मला रोज जिन्यात "जेवलीस काय" विचारलं होतं.

"आज बस्ता आहे," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून. नवऱ्यामुलाच्या, धनेशच्या घरचे हिंदमाताला दुकानात पोचलेही असतील.

"म्हणून तर आज मोठ्याने लावलं," आई म्हणाली. "सांगशील, सांगशील म्हणून थांबले. साखरपुडा झाला तरी तू गप्प. खरं लिहितेस, का पुस्तकापुरतं?"

नलूमावशींचा हात मेथीत थांबला.

मत:

"खरं."

का, कसं हे आईने विचारलं नाही. नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "आता तुझ्या आवाजात बोल."

"निघालात काय?" धनेशची आई. मागे साड्यांची सळसळ.

"काकू, मी मेघना. आम्ही येत नाही."

"उशीर होतोय? होऊ दे. चहा सांगितलाय."

"नाही काकू. मला हे लग्न करायचं नाही."

तिकडे कोणीतरी साडीचा भाव सांगत होतं. काकूंनी त्याला गप्प केलं.

"परत बोल," त्या मला म्हणाल्या.

मी परत बोलले.