माझी छपाई चुकलेली नाही

मित्रांनो, मी एक जुनी भयकादंबरी आहे आणि माझी छपाई चुकलेली नाही. हे सांगून सांगून माझी पानं पिवळी पडली.

बंद कारखान्यात अडकलेल्या कामगाराची गोष्ट माझ्यात आहे. ती नुसती डोळ्यांनी वाचायची नाही. पानापानांतून वायरसारखी एक लाल रेघ जाते, तिच्यावर बोट ठेवून पुढे सरकायचं. ठिपके आले की तितक्यांदा टेबलावर टकटक करायची. तो भिंत ठोकतोय. सोळा पानं मुद्दाम उलटी आहेत, कारण तिथे तो उलटा लटकलाय. त्या पानांसाठी माझी लेखिका छापखान्यात सात महिने भांडली. सुरुवातीला कौतुकही झालं.

मग मी वाचनालयात आले. एकाने ठिपके पांढऱ्या शाईने झाकले. एका आजोबांनी समासात लिहिलं, 'छापणाऱ्याला चष्मा द्या.' बाइंडरने तर कहरच केला. शिवण उसवली म्हणून मला त्याच्याकडे धाडलं, तर पठ्ठ्याने ती सोळा पानं सुलटी करून शिवली! वर ग्रंथपालबाईंना म्हणतो, "चूक होती, सुधारली."

पुढे मला कुणी हात लावेना. बाईंनी वैतागून रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं.

त्या दुपारी इलेक्ट्रिशियन बोर्ड दुरुस्त करायला आला होता. त्याने मला उघडलं आणि रेघेवर बोट ठेवलं.

"वाचताय?" बाईंनी विचारलं.

"वाचन आपल्याला जमत नाही हो. ओळी एकमेकींत घुसतात. पण हे वायरिंग दिसतंय." बोट सरकत गेलं आणि थांबलं. "बाई, इथे कुणीतरी उलटं जोडलंय. शेवटचं टोक पुढे आलंय. करंट जाणार कसा?"

बाई वाकल्या. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे होते. त्यांनी आज प्रथमच रेघ पाहिली. त्यांचा चेहरा पडला.

बाईंनी मला पुन्हा बाइंडरकडे नेलं. तो कुरकुरला, "उलटी पानं शिवली तर लोक मला हसतील!"

"हसू देत. शिवा."

बाईंनी स्वतः नखाने पांढरी शाई खरवडली. मग चार दुपारी इलेक्ट्रिशियन अडखळत मोठ्याने वाचत होता, बाई टकटक करत होत्या. शेवटच्या पानावर एकच ठिपका आहे. बाईंनी एकदाच ठोकलं.

"शेवटपर्यंत वाचलेलं हे माझं पहिलंच पुस्तक," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या सोळा पानांना आता शिवणीची दुप्पट भोकं आहेत. जरा ओढलं की फाटतील. मला फिरवा, उलटं धरा, पण हळू. आणि कळलं नाही तर सुई-दोरा काढण्याआधी एकदा बोट ठेवून बघा.