निंबावरच्या एकोणीस घंट्या

"थांबनं! रगत थांबनं!"

वना भगतानं हात वर केले आणि निंबाखाली जमलेलं अख्खं गाव ओरडलं. दादर ज्वारी कापताना अभिमनच्या पोटरीवर विळा बसला होता. भगतानं जखमेत शेण-राखेचा लगदा कोंबला, वर फडकं ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबलं आणि डोळे मिटले. "काळी ये, गोरी ये, लाल नदी मांगे जाय!" मंत्र एवढा लांबलचक, की तेवढ्यात मी तिसरीच्या पोरांकडून सगळे पाढे म्हणवून घेतले असते.

रक्त थांबलं की त्याच दिवशी बैलाच्या गळ्यातली घंटी सोडून निंबाला बांधायची, ही आमच्या गावची रीत. अभिमनची बायको भिकुबाई घंटी आणायला धावलीसुद्धा.

मी इथला शाळामास्तर. मला उभं राहवेना. दोन वर्षांपूर्वी, त्रेपन्न साली, शेजारच्या झुलालचं रक्त असंच थांबलं होतं. नवव्या दिवशी त्याची दातखीळ बसली, अंग मागे वाकलं आणि तो गेला. "बाहेरनं वारं लागनं त्याले," भगत म्हणाला. गावाला पटलं. मला पटलं नव्हतं, तरी मी गप्प बसलो; त्याची लाज अजून वाटते.

सायकल काढून दोंडाईचा गाठलं. डॉक्टर देवरे भरल्या ताटावरून उठले. वाटेत मी सारखा विचारत होतो, "वाचेल ना?" ते म्हणत, "आधी पायडल मारा."

भगत आडवा आला. "जखम धोवशात ते रगत फुटी. मंग माले सांगू नका!"

"डाक्टरभाऊ, आते थांबेल शे ना," भिकुबाई काकुळतीनं म्हणाली. "कसाले हात लावतस?"

डॉक्टरांनी वाद घातला नाही. निंबाकडे बोट केलं. "या घंट्या कुणाकुणाच्या?"

नादावरून बैल आणि बैलावरून मालक ओळखणारं आमचं गाव. मी एकेक घंटी हलवत गेलो, लोक नावं सांगत गेले. नथ्थूची. गिरधरची. प्रत्येक नावाला डॉक्टर एकच विचारत, "पंधराव्या दिवशी जिवंत होता?" झुलालच्या घंटीला उत्तर आलं, "नही." अशा पाच निघाल्या. एकोणिसांतली पाच माणसं, सगळी दातखिळीनं गेलेली, आठव्या ते बाराव्या दिवशी.

"घंटी बांधता पहिल्या दिवशी," डॉक्टर म्हणाले, "माणूस मरतो नवव्या दिवशी. मेला म्हणून घंटी कुणी सोडत नाही. मग यश तेवढं दिसतं. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, ते तुम्ही हातानं जखमेत भरता."

भिकुबाईनं त्या पाच घंट्यांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "धोवा."

साबण-पाण्यानं लगदा निघाला आणि रक्त वाहू लागलं. बायका किंचाळल्या. भगताला चेव आला; लांब उभा राहून तो मोठमोठ्यानं मंत्र म्हणू लागला. लाल नदी काही मागे जाईना! डॉक्टरांनी तोंड न उघडता स्वच्छ कापड ठेवलं आणि घड्याळाकडे बघत दाबून धरलं. दहा मिनिटांनी रक्त थांबलं.

"म्हंजे मंतर नही, दाबनंच?" नथ्थूनं विचारलं.

"दाबणंच."

भगत पागोटं सावरत निघून गेला. डॉक्टरांनी धनुर्वाताची सुई टोचली.

"आते वाचतीन ना?" भिकुबाई.

"वचन देत नाही, बाई. जखम धुऊन ही सुई दिलेल्यांत दातखीळ फार थोड्यांची बसते. हे हजारो जखमींमध्ये मोजून पाहिलेलं आहे."

पुढचे पंधरा दिवस मला धड झोप नव्हती. रोज सकाळी अभिमनच्या दारात. "तोंड उघड."

"मास्तर, मी काय बाजारमाना बैल शे का, दात दखाले?" तो वैतागायचा. पण तोंड उघडायचा.

सोळाव्या दिवशी तो शेतावर गेला. मी हसत घरी वळलो, तर ओट्यावर झुलालची आई धुरपदाबाई बसलेली.

"मास्तर," ती म्हणाली, "मना झुलालनी जखम धोयेल ऱ्हाती, ते तो वाचता का?"

मी खरं तेच सांगितलं. बहुतेक वाचला असता.

म्हणून वाचकहो, चमत्कार पाहिलात तर खुशाल टाळ्या वाजवा. पण पंधरा दिवसांनी त्या घरी जाऊन या. किती वाचले विचारा, किती गेले तेही विचारा. आणि उत्तर ठाऊक असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.