न येऊन तर दाखव!

माही नात अर्पिता रशियात डॉक्टरकी शिकते. तिथं झिनाइदा नावाच्या एका बुढीच्या घरी भाड्यानं राह्यते. मी तिले झीनाबाई म्हणते. आमची दोस्ती झाली ती धमक्यायवरून.

पह्यल्यांदा मोबाईलवर दिसली तवा ती अर्पितावर वरडूनच राह्यली होती. म्या इचारलं, "काऊन व, काय म्हणते?"

अर्पिता हासत म्हणे, "टोपी घालून जाय, नाही तं खेकडे हिवाळ्यात कुठं राह्यतात ते दाखवीन, म्हणते. इथं अशीच धमकी देतात, आजी."

"तिले सांग, आमच्या सुलतानपूरच्या इहिरीत म्हशीएवढा खेकडा हाये. त्याच्या पाठीवर बसून मी माहेरले, बिबी गावाले, जात होती. खेकड्याचं भेव मले नको दाखवू म्हणा."

बुढी इतकी हासली का दाताची कवळी हातात आली. खेकड्याचं सोडा, हे मातर खरं हाये.

मंग रोजचंच झालं. माहा चारचा चहा, तिकडं जेवायची वेळ. ती म्हणे, "मी तुले दाखवीन!" काय दाखवीन ते सांगतच नाही. म्या म्हणलं, "हे काय धमकी झाली? आमच्याकडं तंगडं तोडून हाती देतात." हे तिले लय आवडलं. कोल्या नावाच्या तिच्या नातवाले तेच म्हणू लागली. बिनमायबापाचं पोरगं, तिनंच वाढवलेलं. फोनमंधी डोकं घालून मले "जयभीम, आजी" म्हणे.

त्याले लढाईवर बोलावणं आलं. गेला. मंग एक दिवस कागद आला. सापडत नाही, एवढंच लिहेल होतं.

अर्पिताचा फोन आला. "आजी, चार दिवस झाले, जेवली नाही. मी सार करून ठेवते, तसंच राह्यते. आज मी बिनटोपीची बाहीर गेली, तरी काही बोलली नाही."

"तिच्यासमोर धर फोन."

झीनाबाई टेबलापाशी बसेल होती. केस इचरेल नाही. म्या तिच्याच बोलीतली धमकी काढली, अर्पितानं शिकवेल. "स्मात्री उ मिन्या, झीनाबाई! पाह्य बरं! जेव, नाही तं खेकड्यावर बसून येते मी तिथं. महिना लागला तरी येते!"

हासली नाही. खिडकीकडं पाहत हळूच काही बोलली.

"काय म्हणते व?"

"म्हणते, कोल्या निघाला तवा म्या त्याले दारातच धमकावलं. 'न येऊन तर दाखव!' बस, एवढंच बोलली. पोटाशी बी धरलं नाही, रडू येईन म्हणून. म्हणते, लहानपणापासून माही एकबी धमकी त्यानं खाली जाऊ देली नाही. 'करून तर दाखव' म्हणलं का करूनच दाखवे."

बुढी आता फोनकडं पाहून राह्यली होती.

"आजी, ती तुले इचारते. येईन का तो?"

जलमभर म्या थापा मारल्या. नवऱ्याले मारल्या, सरपंचाले मारल्या. इथं तं एकच शब्द पाह्यजे होता. तोंडापर्यंत आला, पुढं सरकेचना.

"मले नाही मालूम, बाई," म्या म्हणलं. "सार थंडं होऊन राह्यलं."

मंग म्या माही कपबशी उचलली, तिले दाखवली. एक घोट घेतला अन् थांबली. लय वेळानं तिनं चमचा उचलला. मी एक घोट, ती एक चमचा. तीन झाले. चवथा तोंडापाशी नेला अन् खाली ठेवला. म्या बी कप ठेवला.

फोन ठेवताना मी अर्पिताले दर खेपी म्हणते, "परीक्षा झाली का घरी ये, नाही आली तं तंगडं तोडीन." पोरगी वाट पाहून राह्यली होती.

"आजी, आज धमकी नाही?"

"नाही, मा. टोपी घालत जाय," म्या म्हणलं. "अन् ये."