कुरणावरची इरजिक

सात समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात कापूस सोन्याच्या मोलानं जाऊ लागला. हिवरखेडच्या शिवेला लागून असलेल्या पुंजारामाच्या गावात जिकडे पाहावं तिकडे कापसाची पऱ्हाटीच. वेचणीला दूरदूरची माणसं आली आणि निम्मी इथंच झोपड्या घालून राहिली. खाणारी तोंडं वाढली, ज्वारीची वावरं घटली. ज्वारी घटली तसा कडबाही घटला. पऱ्हाटीच्या काड्या चुलीत जातात, बैलाच्या पोटात नाही.

उरलं होतं नदीकाठचं कुरण. अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, तिथं कुणी विळा लावत नसे. घरचा चारा सरला की मग साऱ्या गावानं गवत वाटून घ्यायचं. कापसाच्या हावेनं तिथंही नांगर फिरेल, हे भय पुंजारामाला होतं. पोळ्याला गाव पारावर बसलं तेव्हा त्यानंच विषय काढला.

"मानसं कितीबी येऊ द्या, बाप्पा. पन गवत गेलं तं बैल जाईन, बैल गेला तं शेन जाईन. मंग जमीन काय तुमचं तोंड पाहून पिकन?"

लोक हसले. पण गावचा पाटील खुशालराव, पुंजारामाचा लहानपणापासूनचा जोडीदार, उठला. त्यानं स्वतःच्या हातानं एकेकाच्या ओंजळीत बेलाचं पान नि हळद ठेवली. बेलभंडार उचलून साऱ्यांनी शपथ घेतली, कुरणाला नांगर लावणार नाही. पुंजारामाची छाती गजभर झाली.

चैतात पाटलानं इरजिक बोलावली. इरजिकीला ज्यानं त्यानं आपली बैलजोडी न्यायची, दिवसभर बोलावणाऱ्याची जमीन नांगरून द्यायची आणि त्याचे रोडगे-वरण जेवून घरी यायचं. कोणतं वावर, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर विश्वास नाही असा अर्थ होतो. पुंजारामाची गाय व्यायला आली होती, म्हणून त्यानं आपला सालदार गडी नत्थुजी याच्यासोबत जोडी पुढं पाठवली.

"सगळ्याइच्या पुढं आपली जोडी जुंपजो. खुशालचं काम हाय."

गाय मोकळी झाली तोवर ऊन चढलं. पाटलाच्या वावरात जाऊन पाहतो तर कुणीच नाही. रोडग्यांच्या गोवऱ्यांचा धूर नदीकडून येत होता.

कुरण कापून गवताचे ढीग काठाला लावले होते. एकेका नांगराला कितीतरी जोड्या होत्या, आणि हरळी मुळासकट उलथत होती. सगळ्यांत पुढं पुंजारामाचीच जोडी.

"ये, पुंजाभाऊ!" खुशालराव आंब्याखालून ओरडला. "तुह्या बैलाइनं आज कमाल केली."

"खुशाल, हे कुरन हाय."

"होतं."

"बेलभंडार कोनं उचलाले लावला होता?"

"काहून तापून राहिला? एवढी मानसं गावात आली, त्याइले काम नाही पायजे? तुले दोन गाड्या गवत जास्त धाडतो."

"अन् पुढच्या साली?"

"कापूस इकू, कडबा इकत घेऊ."

"कोनाकडून? समदे पऱ्हाटीच पेरतीन तं कडबा कोन पिकवन?"

भोवतालची माणसं हसायची थांबली. नांगर मात्र कुणी थांबवला नाही. इरजिकीत जोडी मधेच सोडली तर पुढं आपल्या वावरात कुणी बैल आणत नाही. पुंजाराम ढेकळं तुडवत गेला आणि त्यानं जोडी सोडली.

नत्थुजीनं मान खाली घातली. "मालक, मले वाटलं तुमाले ठाऊक असन. तुमचे दोस्त ना ते."

"मलेबी तसंच वाटे."

"जेवून तं जाय!" खुशालरावानं हाक दिली.

"तुमचं अन्न तुमाले लखलाभ, पाटील." जन्मात पहिल्यांदा त्यानं खुशालला पाटील म्हटलं.

बैल काही हलेनात. उलथलेल्या गवताच्या ठोंबांत त्यांनी तोंडं घातली होती, माती झटकून झटकून खात होते. पुंजारामानं कासरा ओढला नाही. त्यांचं होईपर्यंत तो उन्हात उभा राहिला.

घरी मनकर्णा नव्या वासराला पुसत बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "जेवून आले काय?"

"मी नाही. बैल जेवले." त्यानं वासराच्या पाठीवर हात ठेवला. "याच्याबी वाटचं."