रुख्माबाईची सही

कुंताला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि हीच तिची अडचण होती. सवय असलेला माणूस निदान विचार करून थापा मारतो. कुंताने शेजारच्या रुख्माबाईला बेधडक सांगून टाकलं होतं की पासपोर्ट काढतेय तो पशुपतीनाथाच्या दर्शनासाठी. देवाचं नाव घेतलं की पुढे कोणी खोदून विचारत नाही, एवढाच तिचा अंदाज.

खरी गोष्ट अशी की तिच्या योगेश्वरीचं लग्न ठरलं होतं आणि ते होणार होतं श्रीलंकेत, बेंटोटा नावाच्या गावी, समुद्राच्या काठावर. पुण्यात नोकरी करणारी पोरगी आणि तिचा होणारा नवरा, दोघांनी मिळून ठरवलं की माणसं फक्त अठरा. नऊ इकडची, नऊ तिकडची. बोदलकसा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या कुंताच्या गावात नऊ माणसं तर नुसती पाहुण्यांना पाणी द्यायला लागतात. कुंताचा नवरा लखनलाल तीस वर्षं गावातल्या एकूण एक पंगतीला बसला होता. तो म्हणाला, "आधी लगन उरकू, मंग गावाले जेवण देऊ. तवरिक कोणाले सांगू नोको." झाकली मूठ सव्वा लाखाची! त्याचं काय जात होतं? त्याच्याकडे पासपोर्ट होताच. राइस मिलवाल्यांबरोबर तो एकदा थायलंडला जाऊन आला होता आणि तिथे काय काय पाहिलं हे त्याने कुंताला आजवर धड सांगितलेलं नाही.

राहिली कुंता. तिचा अर्ज योगेश्वरीनेच पुण्याहून भरला. ओळख सांगणाऱ्या दोन गाववाल्यांची नावं त्यात लागतात. पोरीने लिहिली कवडू गुरुजी आणि रुख्माबाई. ऐकून कुंताने कपाळाला हात लावला, तर फोनवर पोरगी म्हणते, "मग कोणाचं लिहू, आई? मोठी मायच तर आहे आपली."

ते खरंच होतं. योगेश्वरी दीड वर्षाची असताना कुंता टायफॉइडने महिनाभर गोंदियाच्या दवाखान्यात पडली होती. तेव्हा पोर रुख्माबाईच्या कुशीत झोपायची, आणि कुंता परत आल्यावर चार दिवस आईकडे यायला तयार नव्हती. तीच रुख्माबाई नऊच्या यादीत नव्हती. कुंताने दोनदा विचारून पाहिलं होतं. योगेश्वरी म्हणाली, "एक काकी नेली तर बाकीच्या काक्यांचं काय?" कुंताने विषय सोडला. आतल्या आत मात्र ती त्या दिवसापासून कुढत होती.

विमान बावीस फेब्रुवारीचं. तीस जानेवारीला चौकशीसाठी पोलीस शिपाई आला, उमेंद्र नावाचा, तरुण आणि बोलका. कवडू गुरुजींनी दारातूनच सही दिली. त्यांना शेतावर जायची घाई होती. रुख्माबाई मात्र धुतलेलं पातळ नेसून, आधारची झेरॉक्स घेऊन आली. शेजारणीचं सरकारी काम होतं ना! घरापुढच्या छपरीतल्या खुर्चीवर ती ऐटीत बसली.

"काकी, या बाईले किती वर्षांपासून ओळखता?" उमेंद्रने विचारलं.

"एकतीस. हिची वरात आली तवा मीच ओवाळलं."

"काही भांडणतंटा, केस?"

"हिची? दुसऱ्याची कोंबडी आंगणात आली तं हीच माफी मागते."

उमेंद्र हसला. "बढिया. करा इथं सही." आणि पेन देता देता सहज म्हणाला, "कुठं जाऊन राहिल्या पण? पोरगा-बिरगा आहे का दुबईले?"

कुंताच्या वतीने रुख्माबाईनेच उत्तर दिलं, तेही अभिमानाने. "नेपाळले. पशुपतीनाथ. माह्यासाठी बी प्रसाद आणणार आहे."

"नेपाळले? त्याले पासपोर्ट कायले लागते? मतदान कार्ड दाखवलं का झालं. माहा सासरा गेल्या साली जाऊन आला ना!"

रुख्माबाईचा हात कागदावर थांबला. दारातून लखनलाल मध्ये पडला, "ते एजंटवाला म्हणे का..." रुख्माबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग कुंताकडे. पेनाला टोपण लावलं.

"कुंते, काऊन काढून राहिली तू पासपोर्ट?"

आणखी एक थाप मारली असती तर सही झाली असती. कुंताला ते पक्कं कळत होतं. खरं सांगितलं तर कागद परत, आणि पोरगी समुद्राकाठी बोहल्यावर, आई इथे मोबाइल धरून. पण त्या तोंडाकडे पाहून दुसऱ्यांदा खोटं बोलणं तिच्याच्याने होईना.

"योगीचं लगन आहे," ती म्हणाली. "श्रीलंकेत. अठराच माणसं हायेत, बाई. तू नाही त्यात."

रुख्माबाईने पेन मांडीवर ठेवलं.

"लंकेत," रुख्माबाई म्हणाली. "रामानं बायको वापस आणाले पूल बांधला, अन् तुम्ही आपल्या पायानं पोरगी नेऊन द्यायले चालले."

उमेंद्रला हसू येत होतं, ते त्याने गिळलं.

"कधी ठरलं?"

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीले तं तू माह्या चुलीपाशी बसून अनारसे तळले."

"हो."

"काकी," उमेंद्र हळूच म्हणाला, "नसन करायची तं तसं सांगा. जबरदस्ती नाही. कागद वापस जाईन, दुसरं नाव येईन. पंधरा-वीस दिवस धरा."

कुंताने मनातल्या मनात तारखा मोजल्या. पुरत नव्हत्या.

"तू काय लिहिलं त्याच्यावर?" रुख्माबाईने त्याला विचारलं. "एकतीस वर्षांपासून ओळखतो?"

"हो, तेच."

"मले बी वाटे का ओळखतो."

तिने टोपण काढलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली. उमेंद्रने कागद आवरले. त्याला पोचवायच्या निमित्ताने लखनलालही सटकला.

कुंताला तिचे पाय धरावेसे वाटले. पण रुख्माबाई उठून उभी राहिली होती.

"तेल-हळद कोण चढवन पोरीले?"

"हॉटेलवाले. पॅकेजात आहे म्हणे."

"पॅकेजात!" रुख्माबाई थुंकल्यासारखं बोलली. "तुले येते?"

कुंताला येत नव्हतं. गावातल्या प्रत्येक मांडवात ते रुख्माबाईच करायची. बाकीच्या बायका मागून गाणी म्हणायच्या.

"बस खाली. पाय समोर कर."

कुंता जमिनीवर बसली. रुख्माबाईने कोरडीच बोटं तिच्या पावलांना लावली, मग गुडघ्यांना, खांद्यांना, शेवटी कपाळाला. बोटं कडक होती, आणि नजर कुंताच्या तोंडाकडे नव्हती. "पाच डाव. चढवताना खालून वरती, उतरवताना वरतून खाली. चुकली तं मी नाही तिथं सांगाले."

कुंताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडून नोको राहू. करून दाखव."

रुख्माबाईने खाली बसून पाय समोर केले आणि कुंताने करून दाखवलं. पहिल्या वेळी गुडघे राहून गेले, तर रुख्माबाईने पहिल्यापासून पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा सगळं बरोबर झालं तेव्हा तिने पाय मागे घेतले आणि पातळ झटकलं.

"अन् आल्यावर गावाले जेवण द्यान ना," ती फाटकाकडे जात म्हणाली, "त्यात मले बलावू नोको. मी येणार नाही."

"बाई, ऐक तं..."

रुख्माबाईने फाटक ओढून घेतलं आणि आपल्या घरात निघून गेली. बावीस तारखेला कुंताला आता कोणी अडवणार नव्हतं. ती छपरीत तशीच बसून राहिली, आणि लखनलालने परत येऊन "झालं ना काम?" असं विचारलं तेव्हा ती आपल्याच पावलांना बोटं लावून खालून वरती, पाच वेळा, मोजत होती.